बैरुतचे दुभाषी

बँकेच्या काउंटरमागे बसून बत्तीस वर्षे मी अरबी बोलत होतो, हे मला निवृत्त झाल्यावर कळले. अर्ज, रक्कम, जमा, बाकी, कर्ज, जामीन, वसूल, वारस, मयत, नफा, नुकसान... सकाळी दहापासून तोंडात येणारे हे सगळे शब्द मूळचे अरबी. फारसीच्या पाठीवर बसून ते आपल्याकडे आले आणि इथेच मुक्कामाला राहिले. मुक्काम हा शब्दही त्यांतलाच! शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारातल्या कित्येक परक्या शब्दांना पर्याय दिले. पण देवघेवीतले शब्द काही हलले नाहीत. हिशेबाची भाषा मोठी चिवट असते.

काही शब्द मात्र प्रवासात बदलले. अरबीत वतन म्हणजे आपला गाव, आपला देश, जिथे आपण वाढलो ती भूमी. आपल्याकडे वतन म्हटले की पाटलाचे, कुलकर्ण्याचे, देशमुखाचे. त्यावरून भावाभावांत डोकी फुटायची. दुसरा शब्द गरीब. आपल्याला तो अगदी घरचा वाटतो. पण अरबीत त्याचा अर्थ पैसा नसलेला असा नाही. तिथे गरीब म्हणजे परका, परगावचा, अनोळखी. हे कळले त्या दिवशी मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. माणूस गावातून उठतो, आधी परका होतो आणि मग दरिद्री होतो. शब्दानेही वाटेत नेमका तोच प्रवास केला होता.

हे दोन शब्द मला नव्याने दाखवले ते बुत्रुस अल्-बुस्तानी यांनी. आपल्याकडे हे नाव फारसे कुणाच्या कानावर नाही. पण अरबी भाषेच्या एकोणिसाव्या शतकातल्या जागृतीचा इतिहास लिहायला घेतला की पहिल्या पानातच हे नाव येते. लोक त्यांना अल्-मुअल्लिम म्हणत, म्हणजे शिक्षक. आपल्या भाषेत मास्तर. शब्दकोशकार, संपादक, शाळेचे संस्थापक, विश्वकोशकार अशी त्यांची बिरुदे सांगतात. मला त्यांच्यात रस वाटला तो त्यांच्या एका साध्या नोकरीमुळे. ते दुभाषी होते.

दुभाष्याचे काम काय असते, ते मी एकदा जवळून पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे किल्लारी-सास्तूर भागात धरणी हलली. पुढच्या काही आठवड्यांत मदतीच्या रकमा वाटण्यासाठी, नवी खाती उघडण्यासाठी बँकांची माणसे तिकडे पाठवली गेली, त्यांत मी होतो. एका पत्र्याच्या शेडमध्ये माझे टेबल होते. शेजारी एका परदेशी मदत पथकाचा गोरा तरुण हातात फॉर्म घेऊन बसला होता, आणि त्याच्या बाजूला इंग्रजी येणारे गावातले एक गुरुजी. एक म्हातारी पुढे आली. घरात माणसे किती, असे विचारल्यावर तिने सात म्हणून सांगितले. गुरुजी गप्प झाले. ती आणि एक नातू, एवढेच उरले होते, हे गुरुजींना ठाऊक होते. त्या तरुणाने मान वर करून आकडा काय म्हणून पाहिले. गुरुजींनी म्हातारीला पुन्हा विचारले, पण या वेळी आकडा नाही, नावे विचारली. तिने सातही नावे घेतली. मग गुरुजी त्या पोराकडे वळून इंग्रजीत बराच वेळ बोलले. फॉर्ममध्ये चौकट एकच होती. त्याने तिथे दोन लिहिले, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आणखी काहीतरी लिहीत राहिला.

म्हातारीने सात म्हटले त्याचे दोन करून सांगणे खरे, की सात सांगणे खरे? पुढे दुभाष्यावर एक कादंबरी लिहायची असे मनात आले ते या प्रसंगामुळे. कादंबरी काही जमली नाही. तिच्यासाठी वाचता वाचता बुस्तानी मात्र भेटले.

त्यांचा जन्म १८१९ चा, दिब्बिये या गावातला. आज हा भाग लेबनॉन देशात आहे. तेव्हा सगळा प्रदेश तुर्की सुलतानाच्या साम्राज्यात होता आणि त्याला ढोबळमानाने सीरिया म्हणत. खाली समुद्रकाठी बैरुत बंदर, वर लेबनॉनचा डोंगर. डोंगरात मॅरोनाइट ख्रिस्ती आणि द्रूझ अशा दोन मोठ्या जमाती, शिवाय इतर पंथ. गावे एकमेकांना लागून, बोली एकच, जेवणखाणही बहुतेक एकच. बुस्तानींचे घराणे मॅरोनाइट. पोरगा हुशार निघाला म्हणून त्याला ऐन वरका इथल्या धर्मशाळेत शिकायला ठेवले. तिथे अरबी तर झालीच, पण सिरियाक, लॅटिन, इटालियन याही भाषा झाल्या. मुलगा पुढे धर्मगुरू व्हायचा, अशी घरच्यांची कल्पना असणार.

१८४० साली वेगळेच घडले. इजिप्तच्या इब्राहिम पाशाची फौज सीरियातून हाकलण्यासाठी इंग्रज आणि त्यांच्या दोस्तांची आरमारे बैरुतपाशी आली. साहेबाच्या फौजेला अरबी येणारा माणूस हवा होता. एकवीस वर्षांच्या बुस्तानींना काम मिळाले ते असे, युद्धात दुभाष्या म्हणून. त्याच सुमारास अमेरिकन मिशनऱ्यांशी ओळख झाली. त्यांना ते अरबी शिकवू लागले, त्यांच्याकडून इंग्रजी घेऊ लागले, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी त्यांचा प्रोटेस्टंट पंथही स्वीकारला.

हे मिशन आपल्याला अगदीच अनोळखी नाही. बॉस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्डाने १८१३ साली मुंबईत आपली माणसे उतरवली, त्याच बोर्डाने १८२३ मध्ये बैरुतला ठाणे घातले. इकडे त्यांच्या छापखान्यात मराठी पुस्तके निघत होती, १८४२ पासून ज्ञानोदय निघत होता. तिकडे १८३४ मध्ये माल्टाहून हलवलेला त्यांचा छापखाना अरबी पुस्तके काढत होता. पंथ बदलल्यावर काय भोगावे लागते, हे आपल्या बाबा पदमनजींच्या चरित्रात वाचलेले असते. बुस्तानींचे तसेच झाले. त्यांच्या आधी असअद शिद्याक नावाच्या एका मॅरोनाइट विद्वानाला याच कारणासाठी मठात कोंडले होते आणि तो तिथेच मेला होता. त्यामुळे बुस्तानींना सुरुवातीचा काळ मिशनच्या आवारात, त्यांच्या आसऱ्याने काढावा लागला. स्वतःच्या डोंगरापासून काही कोसांवर ते परके झाले होते. अरबी अर्थाने गरीब!

तिथेच त्यांना बायको मिळाली. राहील अता ही मिशनरी एली स्मिथ यांच्या घरात वाढलेली, मुलींच्या पहिल्या शाळेत शिकलेली मुलगी. संसार चांगला झाला. १८४९ मध्ये बुस्तानींनी स्त्रियांच्या शिक्षणावर बैरुतमध्ये व्याख्यान दिले. आपल्याकडे भिडेवाड्यातली शाळा सुरू होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. दोन्ही गावांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

मग आले मोठे काम. एली स्मिथ यांना बायबलचे नवे अरबी भाषांतर करायचे होते. पद्धत अशी होती : पहिला मसुदा बुस्तानींचा. त्यावर नासीफ अल्-याझिजी हे वैयाकरणी अरबीचा हात फिरवणार. मग स्मिथ तो हिब्रू आणि ग्रीकशी ताडून पाहणार. जवळजवळ नऊ वर्षे हे चालले. १८५७ च्या जानेवारीत स्मिथ वारले, काम व्हॅन डाइक या दुसऱ्या मिशनऱ्याकडे गेले, त्यांनी नवे मदतनीस घेतले आणि १८६५ मध्ये ग्रंथ पुरा झाला. आजही तो व्हॅन डाइकचे भाषांतर म्हणून ओळखला जातो. मोल्सवर्थचा कोश आपण मोल्सवर्थचा म्हणतो, त्याच्या खोलीत बसून शब्द गोळा करणाऱ्या शास्त्र्यांची नावे किती जणांना सांगता येतील? मलाही सगळी येत नाहीत.

हे चालू असतानाच पोटासाठी त्यांनी बैरुतच्या अमेरिकन वकिलातीत दुभाष्याची नोकरी धरली होती. या पदाला युरोपात ड्रॅगोमन म्हणत. हा शब्द अरबी तर्जुमानवरून आला, आपला तर्जुमा त्याच घरातला. वकिलाबरोबर पाशाच्या कचेरीत जायचे, अर्ज-तक्रारी इकडच्या तिकडे करायच्या, कोण खरे बोलतो कोण खोटे याचा कानोसा घ्यायचा. पगार देणारा परका, दारात उभा असलेला आपला. दोघांनाही वाटत राहते की हा दुसऱ्याच्या बाजूचा आहे. एखाद्या खेड्यात कर्जवसुलीला गेलेला, त्याच तालुक्यातला बँकेचा कारकून मला आठवतो. त्याची अवस्था काही फार निराळी नसे.

१८६० च्या मे महिन्याच्या अखेरीस डोंगर पेटला. द्रूझ आणि मॅरोनाइट यांच्यात जुनी धुसफूस होतीच. जमीन, अधिकार, परकीय सत्तांची फूस, तुर्की अधिकाऱ्यांची डोळेझाक, सगळे एकत्र आले. जून महिन्यात हासबाया, राशाया, झाहले, दैर अल्-कमर ही गावे एकामागून एक पडली. कत्तली झाल्या, घरे जळाली. ९ जुलैला दमास्कसमध्ये ख्रिस्ती मोहल्ल्यावर जमाव चालून गेला. तिथे हजारोंचे जीव वाचवले ते अब्द अल्-कादिर यांनी. अल्जीरियात फ्रेंचांशी लढून हरलेला हा मुसलमान अमीर स्वतःच तिथे निर्वासित म्हणून राहत होता.

आणि माणसे बैरुतला येऊ लागली. डोंगर उतरून पायी, दमास्कसहून तांड्यांनी. बायका, पोरे, पुरुष कमीच. शहरात, बागांमध्ये, मिशनच्या आणि वकिलातींच्या आवारांत हजारो माणसे पडली होती. इंग्लंड-अमेरिकेतून पैसे आले, बैरुतमध्ये इंग्रज-अमेरिकनांची मदत समिती उभी राहिली. भाकरी, कपडा, अंथरूण वाटले जाऊ लागले. जर्मनीहून सेवाव्रती बहिणी आल्या, इंग्लंडहून एक विधवा बाई आली आणि तिने विधवांसाठी, अनाथ मुलींसाठी शाळा काढली. फ्रान्सचे सैन्य उतरले, सुलतानाचा मंत्री फुआद पाशा येऊन शिक्षा देऊ लागला, पाच युरोपीय सत्तांचा आयोग बसला.

आता जरा विचार करा. पैसा इंग्रजीत येत होता आणि दुःख अरबीत. तेही एका अरबीत नव्हे. शाळेतली लेखी अरबी वेगळी, हासबायाच्या बाईची बोली वेगळी, दमास्कसच्या व्यापाऱ्याची वेगळी. कुठल्या गावची, घरातले कोण गेले, काय जळाले, कुणाकडे काही उरले आहे का, हे सगळे कुणीतरी ऐकून, समजून, दुसऱ्या भाषेत मांडल्याशिवाय भाकरीसुद्धा योग्य हातात पडत नाही. नवऱ्याचा थांगपत्ता नाही अशी बाई विधवा म्हणून लिहायची का? मदतीच्या हिशेबात हा एका शब्दाचा प्रश्न असतो. त्या बाईच्या बाबतीत तो तिच्या साऱ्या आयुष्याचा असतो. अशा दिवसांत बैरुतमध्ये वकिलातीचा दुभाषी असलेला, दोन्ही भाषांत मुरलेला आणि स्वतः त्याच डोंगरातला असा माणूस होता बुस्तानी. दारात बसलेल्यांत जन्मगावच्या बाजूचे चेहरेही त्यांना दिसले असणार.

त्यांनी जे केले त्यासाठी मला ते मोठे वाटतात. दुभाषी दोन पक्षांमध्ये उभा असतो. एकाचे ऐकतो, दुसऱ्याला सांगतो. स्वतःचे तो काही बोलत नाही, तो त्याच्या धंद्याचा धर्मच आहे. बुस्तानींनी २९ सप्टेंबर १८६० रोजी तो मोडला. एक पत्रक छापून काढले, नाव नफीर सूरिया, म्हणजे सीरियाची तुतारी. एप्रिल १८६१ पर्यंत अशी अकरा पत्रके निघाली. खाली नाव नव्हते, वतनावर प्रेम करणारा एवढीच सही होती. सगळ्यांना हाक होती ती एकाच वतनाची लेकरे म्हणून : द्रूझ, मॅरोनाइट, मुसलमान सगळ्यांना मिळून. इथे वतन शब्दाला नवी धार आली. आतापर्यंत तो गावापुरता असे. बुस्तानींनी तो ओढून साऱ्या देशावर पसरला. तुम्ही एक पाणी पिता, एक भाषा बोलता, तेव्हा तुम्ही आधी एकमेकांचे आहात आणि पंथाचे नंतर, असा त्यांचा सूर होता. धर्म हा माणसाचा आणि निर्मात्याचा मामला, राज्यकारभाराचा नव्हे, हेही त्यांनी त्या दिवसांत लिहिले. आजूबाजूला सूडाची भाषा चालू असताना हे लिहायला छाती लागते. त्यातून स्वतः बाटलेला, परदेशी वकिलातीचा नोकर. कोण ऐकणार?

झाल्या प्रकाराला त्यांनी जे नाव दिले, त्यात अहली हा शब्द आहे. अहल म्हणजे घरची माणसे, गणगोत. घरातल्या घरात झालेले युद्ध. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण आपल्याकडे यादवी हा शब्द आहे.

या पत्रकांतला एक भाग मला, जुन्या बँकवाल्याला, फार आवडतो. बुस्तानींनी चक्क खतावणी मांडली आहे. एका बाजूला वतनाचा तोटा, दुसऱ्या बाजूला नफा. तोट्यात मेलेली माणसे, जळालेली घरे, बुडालेला धंदा हे तर आहेच. पण त्याहून वेगळे खाते त्यांनी उघडले आहे ते नैतिक हानीचे. एकमेकांवरचा भरवसा गेला, तो कुठल्या रकमेत धरायचा? आणि नफ्याच्या बाजूलाही नोंदी आहेत. एवढ्या राखेत नफा शोधणारा माणूस एक तर भाबडा असला पाहिजे किंवा फार हट्टी. परदेशांतून आलेल्या मदतीचे त्यांनी मोकळेपणाने आभार मानले आहेत. पण मदतीने घरे उभी राहतात, शेजार उभा राहत नाही, हे त्यांना दिसत होते. फ्रेंच सैन्य १८६१ मध्ये परत गेले, डोंगरासाठी नवी राज्यव्यवस्था ठरली. शेजारासाठी काही ठराव करता येत नाही.

त्याच १८६१ साली त्यांनी रॉबिन्सन क्रूसोचे अरबी भाषांतर प्रसिद्ध केले. घरदार हरवून किनाऱ्याला लागलेल्या माणसाची गोष्ट, अशा वर्षी! त्यामागे काही हेतू होता की केवळ योगायोग, हे ज्याने त्याने ठरवावे.

१८६३ मध्ये बुस्तानींनी बैरुतला शाळा काढली. नाव अल्-मद्रसा अल्-वतनिया, वतनाची शाळा. कुठल्याही पंथाच्या मुलाला दार उघडे. मुले एकत्र राहणार, एकत्र जेवणार आणि ज्याने त्याने आपापला धर्म पाळायचा. अरबी पक्की करून घ्यायची, वर तुर्की, फ्रेंच, इंग्रजी शिकवायची. वकिलातीतल्या दुभाष्याच्या जागेवर तोवर त्यांचा मुलगा सलीम आला होता. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या बापांनी एकमेकांची गावे जाळली, त्यांची मुले एका छताखाली झोपवायची ही कल्पना कागदावर सोपी दिसते. पहिल्या रात्री त्या वसतिगृहात कुणाला झोप लागली असेल का, हे मला अधूनमधून वाटत राहते.

पुढचे आयुष्य म्हणजे नुसता कामाचा डोंगर. १८७० मध्ये मुहीत अल्-मुहीत हा शब्दकोश पुरा झाला. त्यात जुन्या ग्रंथांतल्या शब्दांबरोबर बाजारातले, नव्या विद्यांचे शब्दही त्यांनी घेतले. त्याच वर्षी अल्-जिनान हे पाक्षिक सुरू केले. जिनान म्हणजे बागा. बुस्तान म्हणजेही बाग, तेव्हा आडनावाची थोडी गंमतही त्यात असावी. पाक्षिकाचा बराचसा भार सलीम उचलत होता. १८७६ पासून विश्वकोशाचे खंड निघू लागले, अरबीतला या नव्या पद्धतीचा पहिलाच. आपल्याकडे केतकरांनी ज्ञानकोशाचे गाडे ओढले, त्याच्या चाळीस वर्षे आधीची ही गोष्ट. सहा खंड झाले. सातव्याचे काम चालू असताना १ मे १८८३ रोजी मास्तर गेले.

ते ज्या मदतीच्या रांगांमध्ये उभे होते त्या काही संपल्या नाहीत. २०११ नंतर सीरियातून पळालेली माणसे लेबनॉनमध्ये आली. संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी नोंदलेल्यांचा आकडा २०१४ मध्ये दहा लाखांच्या वर गेला. झाहलेच्या आसपास बेका खोऱ्यात, १८६० मध्ये जिथून माणसे पळाली होती त्याच भागात, त्यांचे तंबू उभे राहिले. २०२४ च्या शरदात युद्ध पेटले तेव्हा बैरुतमधल्या शाळाच निवारे झाल्या. या प्रत्येक वेळी इंग्रजी फॉर्म आणि अरबी बोलणारी बाई यांच्यामध्ये कुणीतरी बसलेले होते. बहुतेक वेळा एखादी तरुण मुलगी किंवा मुलगा, काही वेळा स्वतःच निर्वासित. त्यांची नावे अहवालांत सहसा नसतात.

बुस्तानींमागे विश्वकोश सलीमने हाती घेतला, पण तोही १८८४ मध्ये गेला. मग धाकटे भाऊ आणि सुलेमान अल्-बुस्तानी या नातलगाने ते ओझे उचलले. हे सुलेमान म्हणजे ज्यांनी पुढे १९०४ मध्ये इलियड अरबीत आणले ते. १९०० साली अकरावा खंड निघाला आणि काम थांबले. ते थांबले ऐन या अक्षरावर, उस्मानी या शब्दाजवळ. अरबी वर्णमालेत ऐननंतरचे अक्षर ग़ैन. गरीब हा शब्द त्या अक्षराखाली येतो.